क्रेटर लेक

क्रेटर लेक : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ऑरेगन राज्याच्या नैर्ऋत्य भागात, कॅस्केड पर्वतश्रेणीत वसलेले ज्वालामुखीजन्य सरोवर. समुद्रसपाटीपासून उंची १,८८३ मी.; क्षेत्रफळ सु. ५३ चौ. किमी.; कमाल खोली ५९४ मी. देशातील सर्वांत खोल सरोवर हेच होय. सु. ७,७०० वर्षांपूर्वी मझामा या ज्वालामुखी पर्वताचा प्रचंड उद्रेक होऊन त्याचा माथा आत खचला आणि त्यातून निर्माण झालेल्या विस्तीर्ण कुंडात पावसाचे व बर्फाचे पाणी साचत गेले. पश्चिमेकडील विझार्ड बेट हा नंतरच्या उद्रेकांतून वर आलेला शंकू आहे. सरोवरास मिळणारी वा त्यातून निघणारी एकही नदी नाही. पर्जन्य व हिम यांमुळे होणारी भर आणि बाष्पीभवन व झिरप यांमुळे होणारी घट यांचा मेळ बसत असल्याने पाण्याची पातळी जवळजवळ स्थिर राहते. नद्यांचा गाळ येत नसल्याने पाणी अत्यंत नितळ व गडद निळे दिसते. १९९७ मध्ये पाण्यात सोडलेली तबकडी ४१·५ मी. खोलीपर्यंत दिसल्याची नोंद आहे. परंतु याच रचनेमुळे माणसाने आत टाकलेली वस्तू वाहून जाण्यास वाटही नाही. सरोवराचा गेल्या शतकाचा इतिहास याच गोष्टीभोवती फिरतो.

इतिहास : क्लॅमथ लोकांच्या परंपरेत हे स्थान पवित्र मानले गेले असून पर्वताच्या विध्वंसाची स्मृती त्यांच्या कथांत टिकून आहे. सोन्याच्या शोधात निघालेला जॉन वेस्ली हिलमन १२ जून १८५३ रोजी येथे पोहोचला. गोऱ्या प्रवाशांपैकी त्याच्या तुकडीने सरोवर प्रथम पाहिले, असे मानतात. विल्यम ग्लॅडस्टन स्टील याने १८८५ मध्ये सरोवर पाहिल्यावर त्याच्या रक्षणार्थ सतरा वर्षे खटपट केली. १८८६ मध्ये क्लॅरेन्स डटनच्या भूवैज्ञानिक मोहिमेने ‘क्लीटवुड’ ही नाव कड्यावरून खाली उतरवून तारेच्या साहाय्याने खोली मोजली. ती ६०८ मी. भरली. आजच्या मापनाशी ताडून पाहता ही अचूकता लक्षणीय आहे. २२ मे १९०२ रोजी थीओडोर रूझवेल्ट यांच्या स्वाक्षरीने येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले.

मूळच्या या सरोवरात मासे नव्हते. हौशी मासेमाऱ्यांना आकर्षण वाटावे म्हणून स्टीलनेच १८८८ मध्ये त्यात ट्राउट मासे सोडले. ही लागवड १९४१ पर्यंत चालू राहिली. माशांना खाद्य म्हणून १९१५ मध्ये क्रेफिश हा शेवंडीच्या जातीचा प्राणीही सोडण्यात आला. सहा जातींच्या माशांपैकी रेनबो ट्राउट व कोकानी हे दोनच टिकले. सरोवराचा सर्वांत कळकळीचा रक्षक आणि पहिला फेरफार करणारा, एकच मनुष्य होता.

ऋतुमान व विहार : हिवाळा दीर्घ असून वर्षभरात सरासरी १२ मी.हून अधिक बर्फ पडते. कडेने जाणारा सु. ५३ किमी.चा रस्ता व उत्तरेचे प्रवेशद्वार सामान्यतः नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या प्रारंभापर्यंत बंद असतात. दक्षिणेकडील मार्ग मात्र बर्फ काढून खुला ठेवण्याची प्रथा १९३० नंतरच्या दशकात पडली. या काळात स्की किंवा रुंद हिमपादुका घालून कडेने भ्रमंती केली जाते. सरोवराची पूर्ण प्रदक्षिणा करण्यास अनुभवी मंडळींनाही दोन-तीन दिवस लागतात आणि हिमलोटाचा धोका टाळून वाट वळवावी लागते. जून अखेरपर्यंत उंच भागात बर्फ टिकून राहते.

जुलै ते सप्टेंबर हा खरा भ्रमंतीचा हंगाम. १९१५ मध्ये सुरू झालेले विश्रांतिगृह दुरुस्तीनंतर १९९५ मध्ये पुन्हा खुले झाले. सभोवार उभे कडे असल्याने पाण्याशी पोहोचण्याची एकच अधिकृत वाट आहे; उत्तर काठावरील ही क्लीटवुड वाट १९६० मध्ये तयार झाली. १·८ किमी.च्या या उतरणीत सु. २१० मी. खाली जावे लागते व परतताना तितकेच चढावे लागते. ती बंद ठेवली की पोहणे, नौकाविहार व मासेमारी ही सर्वच थांबतात. खासगी नावा सरोवरात आणण्यास बंदी आहे. मासेमारीस परवाना लागत नाही व संख्येची मर्यादाही नाही, कारण हे मासे येथील मूळचे नव्हेत; आमिष मात्र कृत्रिमच वापरावे लागते.

संरक्षण : पाण्याची पारदर्शकता घटत असल्याच्या शंकेने १९८२ मध्ये काँग्रेसने दहा वर्षांच्या अभ्यासाची कायद्याने व्यवस्था केली. कड्यावरील वस्तीचे सांडपाणी झिरपून सरोवरात जात असावे, असा संशय होता. मोठी हानी दिसून आली ती मात्र १९१५ च्या खाद्याची : क्रेफिश बहुतेक किनाऱ्यावर पसरला असून या सरोवराखेरीज अन्यत्र न आढळणारा मझामा न्यूट हा उभयचर प्राणी त्यामुळे अत्यंत दुर्मीळ झाला आहे. क्रेफिश पूर्णपणे काढून टाकण्याचा मार्ग सापडलेला नाही. विहाराची मुभा आणि वन्य स्थितीचे जतन यांतील समतोल नियमांनी साधता येतो. पण बंद कुंडात एकदा सोडलेला जीव नियमाने परत घेता येत नाही, हा येथील अनुभव आहे.