प्रपंचाची गाडी, हौसेचं इंजिन

मोटारींच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की आपण दोन टोकांना जातो. एक तर सर्वसामान्यांची गाडी, म्हणजे फोर्डची मॉडेल टी किंवा फोक्सवॅगनची बीटल. नाहीतर एकदम फेरारी. मधला एक वर्ग राहूनच जातो. मागे मुलांना बसायला जागा, सामानाला डिकी, आणि तरी घाटात चालवताना मजा यावी, अशी गाडी. तिला स्पोर्ट सेडान म्हणतात. तिचीच लांब छपराची, मोठ्या डिकीची बहीण म्हणजे वॅगन. आपल्याकडे तिला इस्टेट म्हणायची पद्धत आहे. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की या गाड्यांना जागा बाजाराने दिली असेल, पण त्यांच्यात जीव ओतला तो हौशी माणसांनी. प्रपंच सुटत नव्हता आणि हौस सोडवत नव्हती, अशा माणसांनी.

सुरुवात इटलीतून करू. दुसऱ्या महायुद्धापूर्वी आल्फा रोमिओ म्हणजे शर्यतीच्या आणि श्रीमंतांच्या गाड्या. युद्धानंतर तसं गिऱ्हाईक उरलं नाही. म्हणून १९५० मध्ये कंपनीने ‘१९००’ ही चार दारांची सेडान काढली, आणि जाहिरात काय केली? शर्यती जिंकणारी कुटुंबाची गाडी! १९५३ मध्ये फियाटने आपल्या साध्यासुध्या ११०० गाडीची ‘टीव्ही’ आवृत्ती आणली. टीव्ही म्हणजे ‘तुरिस्मो व्हेलोचे’, वेगवान प्रवासाची गाडी. साध्या ११०० चं इंजिन ३६ हॉर्सपॉवरचं होतं, हिचं ५०. इथे मुंबईकरांनी कान टवकारावेत, कारण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली आपली प्रीमियर पद्मिनी याच ११०० च्या घराण्यातली. टॅक्सी म्हणून आपण जिला पाहिलं, तिच्या माहेरी शर्यतीचा नाद होता.

पण खरी गोष्ट घडली म्युनिकमध्ये. १९५० च्या दशकात बीएमडब्ल्यूची अवस्था विचित्र होती. एका बाजूला अवजड, महागड्या सेडान. दुसऱ्या बाजूला इसेटा, जिचं दार पुढून उघडायचं अशी अंड्याएवढी गाडी. मधे काहीच नाही. तोटा वाढत गेला आणि ९ डिसेंबर १९५९ रोजी भागधारकांची सभा भरली. प्रस्ताव असा होता की कंपनी डाइमलर-बेंझच्या ताब्यात जावी. मोठ्या बँकेचा त्याला पाठिंबा होता. सगळं जवळपास ठरल्यासारखंच होतं. पण छोटे भागधारक आणि गाड्या विकणारे डीलर अडून बसले. फ्रीडरिश माटर्न नावाच्या वकिलाने त्यांची बाजू लढवली. ताळेबंदात एक दोष दाखवण्यात आला: नव्या गाडीच्या विकासाचा सगळा खर्च एकाच वर्षात टाकला होता. त्यावर सभा तहकूब झाली आणि प्रस्ताव बारगळला. पुढे हर्बर्ट क्वांट यांनी आपला हिस्सा वाढवला आणि कंपनी वाचली.

आता पैसे मिळाले, पण बनवायचं काय? १९६१ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात उत्तर दिसलं: बीएमडब्ल्यू १५००. चार दारं, ८० हॉर्सपॉवर, पुढे डिस्क ब्रेक, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. इंजिन होतं आलेक्स फॉन फाल्केनहाउझेन यांचं. हा माणूस स्वतः शर्यतीतला. त्याने इंजिन दीड लिटरचं केलं खरं, पण पुढे वाढवता येईल अशी जागा त्यात राखून ठेवली. आपल्याकडे घर बांधताना वरच्या मजल्यासाठी सळ्या बाहेर काढून ठेवतात ना, तसंच!

त्या सळ्या लवकरच उपयोगी पडल्या. १९६६ मध्ये याच घराण्यातली लहान, दोन दारांची १६०० आली. फाल्केनहाउझेन यांनी स्वतःच्या गाडीत गुपचूप दोन लिटरचं इंजिन बसवून घेतलं. तिकडे नियोजन विभागातले हेल्मुट वेर्नर ब्योन्श यांनीही स्वतंत्रपणे तेच केलं. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही! गाड्या वर्कशॉपमध्ये एकत्र आल्या तेव्हा गुपित फुटलं. त्याच सुमारास अमेरिकेतले आयातदार माक्स हॉफमन जास्त ताकदीची गाडी मागत होते. १९६८ मध्ये २००२ बाजारात आली आणि तिने कंपनीला अमेरिकेत नाव मिळवून दिलं.

हौसेला किंमतही असते. १९७३ च्या सप्टेंबरात १७० हॉर्सपॉवरची २००२ टर्बो प्रदर्शनात मांडली, आणि महिन्याभरात तेलाचं संकट आलं. पेट्रोलसाठी रांगा लागल्यावर अशी गाडी कोण घेणार? एकूण १,६७२ बनल्या आणि विषय संपला.

आता वॅगनकडे वळू. माक्स राइसब्योक हे बीएमडब्ल्यूमधले एक कर्मचारी. कुटुंब वाढलं, सुट्टीला जाताना ३ सीरीजच्या डिकीत सामान मावेना. दुसरा कोणी मोठी गाडी घेऊन मोकळा झाला असता. यांनी अपघातात मोडलेली एक ३ सीरीज घेतली आणि १९८४ मध्ये मित्राच्या गॅरेजात तिची मागची बाजू कापून वॅगन बनवली. वरिष्ठांनी ती पाहिली, त्यांना पटली, आणि १९८७ मध्ये ३ सीरीज टूरिंग अधिकृतपणे जगासमोर आली.

त्यानंतर वॅगनची भीड चेपली. १९९४ मध्ये व्होल्वोने ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत चक्क ८५० इस्टेट उतरवली. एकही शर्यत जिंकली नाही, पण प्रेक्षक तिला विसरले नाहीत. त्याच वर्षी ऑडीची आरएस२ अवांत आली: ३१५ हॉर्सपॉवरची वॅगन, जोडणी पोर्शेच्या कारखान्यात.

आपल्याकडे काय झालं? पुण्याच्या टेल्कोने १९९२ मध्ये टाटा इस्टेट आणली होती. वॅगनला इथे मोठा ग्राहकवर्ग मात्र मिळाला नाही, आणि आता तर जगभरच एसयूव्हीने तिची जागा घेतली आहे. उंच गाडीत सामान मावतं, हे खरं. पण वजन आणि उंची वाढली की वळणावरची चपळाई कमी होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. तो जाहिरातीने बदलत नाही.

म्हणून या जुन्या गाड्या जपणाऱ्यांकडे नुसते नादिष्ट म्हणून पाहू नका. जबाबदारी आली म्हणजे आवड संपवायची, हा हिशेब ज्यांनी मानला नाही, त्यांच्या हातचं काम ते जपताहेत. तो इतिहास संग्रहालयात काचेआड ठेवून कळत नाही. गाडी चालती ठेवावी लागते.