नोतानचं सासर-माहेर

सिएटलमधल्या जपानी हौशी छायाचित्रकारांनी १९२४ साली कॅमेरा क्लब काढला. त्यांच्या पत्रिकेचं नाव ‘नोतान’. ते वाचून मी थबकलो, कारण हा शब्द मला आधी भेटला होता तो एका अमेरिकन चित्रकला-शिक्षकाच्या पुस्तकात.

जपानीत ‘नो’ म्हणजे दाट, ‘तान’ म्हणजे फिकं. आपल्याकडे रंग फिका आणि चहाही फिका, तशीच ही अक्षरं रंगाला चालतात आणि चवीलाही. शाईत पाणी कमी-जास्त घालून कुंचल्याने साधायची ती गडद-फिकी छटा म्हणजे नोतान.

अमेरिकन कला-अभ्यासक अर्नेस्ट फेनोलोसा १८७८ साली टोकियोला शिकवायला गेला आणि १८९० मध्ये बोस्टनच्या कलासंग्रहालयात आला. तिथे आर्थर वेस्ली डाऊने, म्हणजे मला भेटलेल्या त्या चित्रकला-शिक्षकाने, त्याच्याकडून हा शब्द उचलला. डाऊच्या १८९९ च्या ‘कॉम्पोझिशन’ पुस्तकात चित्राची अंगं तीन: रेषा, नोतान, रंग. शब्दाचा अर्थ सरकला तो इथे. शाई मागे पडली, उरली काळ्या-पांढऱ्या आकारांची सपाट मांडणी. वस्तूला गोलाई देणारी सावली वेगळी, नोतान वेगळं, हे डाऊ बजावून सांगतो. त्याच्याकडे शिकलेला आल्विन लँगडन कोबर्न पुढे नामवंत छायाचित्रकार झाला.

आता कुणी म्हणेल, सिएटल क्लबचा प्राण असलेले शल्यचिकित्सक डॉ. क्यो कोइके जपानीच. घरचा शब्द घेतला, त्यात काय? मला हे पटत नाही. फोटोला जपानीत ‘शाशिन’ हा रुळलेला शब्द होताच. तो सोडून कुंचल्याचा शब्द कॅमेऱ्याला द्यायचा, तर आधी कुणीतरी तो शाईतून सोडवायला हवा. शिवाय पत्रिकेत जपानी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर असे, म्हणजे नाव दोन्हीकडच्या कानांना कळायला हवं. माझं मत पक्कं आहे: नोतान बोस्टनच्या सासरी नांदून मग सिएटलच्या माहेरी आलं.

म्हणूनच धूसर, चित्रासारख्या छायाचित्रांतून आधुनिकतेकडे जाताना अमेरिकेतल्या जपानी मंडळींना मोठी उडी मारावी लागली नाही. लॉस एंजेलिसच्या शिगेमी उयेदाने १९२५ च्या सुमारास तेलाच्या चरातली प्रतिबिंबं टिपली. बघताना चर विसरायला होतो, दिसतात ते गोल आकार. त्याच शहरातल्या लिटल टोकियो या जपानी वस्तीत १९२५ साली आधुनिक वळणाचा छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन याचं प्रदर्शन भरलं, तेव्हा जपानी गिऱ्हाइकांनी त्याची छायाचित्रं विकत घेतली.

सिएटलचा क्लब १९२९ मध्ये बंद पडला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या इतर जपान्यांप्रमाणे कोइकेंनाही मिनिडोकाच्या छावणीत डांबलं. १९४७ साली ते वारले. त्यांनी टिपलेली छायाचित्रं वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. सिएटलला गेलात तर ती मागून बघा.