इंदूर पद्धत: खताची आणि कामाची

आपल्या मंडळाचा फेरफटका म्हटला की राजवाडा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि लालबाग ठरलेलेच. मागच्या खेपेला मी सुचवलं की यंदा कृषी महाविद्यालयाच्या आवारात जाऊ या. लगेच एकानं विचारलं, "तिथं बघायचं काय? शेतं?" मी म्हटलं, हो, शेतंच. आज शहरानं चारही बाजूंनी वेढलेल्या या जमिनीनं इंदूरचं नाव जगभर नेलं. कंपोस्टच्या "इंदूर पद्धती"वर परदेशात आजही लिहिलं जातं, आणि इथल्या निम्म्या लोकांना ती ठाऊक नाही. पण मला आज खताइतकंच दुसऱ्या एका गोष्टीवर लिहायचं आहे. ती म्हणजे इथल्या शेतावर राबणाऱ्या माणसांची नोकरी.

आधी थोडी पार्श्वभूमी. होळकर दरबारानं १९व्या शतकातच इंदुरात कापडगिरणी काढली. पुढं १९०७ नंतर खाजगी गिरण्या आल्या, शेठ हुकुमचंदांसारखे सराफ त्यात उतरले, आणि माळव्याच्या काळ्या मातीतला कापूस इंदुरातच सुताचं रूप घेऊ लागला. खेड्यातली तरुण पोरं गिरणीच्या भोंग्यामागे शहरात आली. १९१८ साली पॅट्रिक गेडिस यांनी दरबाराला नगररचनेचा मोठा अहवाल दिला. शहराची घाण नुसती वाहवून टाकण्यापेक्षा बागांच्या आणि मळ्यांच्या कामी आणावी, हा विचार त्यात आहे.

१९२४ साली इथं "इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री" सुरू झाली. जमीन सुमारे ३०० एकर. पैसा मध्यवर्ती कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. संचालक म्हणून आले अल्बर्ट हॉवर्ड. हे गृहस्थ १९०५ पासून बिहारमधल्या पुसा इथं सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही नाणावलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि दोघांचं काम बरोबरीनं चाले. संस्थेची कामं तीन होती. कापसावर संशोधन करायचं, पदवीधर तरुणांना त्या कामात तयार करायचं आणि आसपासच्या संस्थानांना शेतीचा सल्ला द्यायचा. म्हणजे शिकलेल्या मुलांना शेतीत नोकरीची वाट काढून देणं हा संस्थेच्या हेतूचाच भाग होता.

आता खताचं थोडक्यात सांगतो. ३० फूट लांब, १४ फूट रुंद असे उथळ खड्डे घ्यायचे. त्यात पालापाचोळा, तण, गोठ्यातलं शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे. पऱ्हाट्या फार कडक असतात, त्या लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या आधी शेतातल्या रस्त्यावर पसरून ठेवायच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली आपोआप चिरडल्या जातात. मग ठरल्या वेळी ढीग तीनदा पलटायचा, आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार. यात न समजण्यासारखं काही नाही. पण वेळ चुकली, पाणी कमी-जास्त झालं तर सगळं बिघडतं. म्हणजे आज आला, उद्या गेला अशा मजुरावर हे काम चालत नाही. त्याला हात बसलेला, टिकून राहणारा माणूस लागतो.

१९३१ साली या प्रयोगांवर पुस्तक निघालं, "द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ अॅग्रिकल्चर". मुखपृष्ठावर दोन नावं आहेत, अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हे दुसरं नाव मी बैठकीत वाचलं तेव्हा मंडळींचे कान टवकारले. वाड संस्थेत रसायनशास्त्राचं काम पाहत. त्याच वर्षी हॉवर्ड इंदूर सोडून गेले, पण काम थांबलं नाही. १९३४ मध्ये जॅक्सन आणि वाड यांनी शहरातल्या कचऱ्याचं आणि मैल्याचं याच पद्धतीनं खत कसं करावं यावर पुस्तिका काढली. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदुरात आले, तेव्हा त्यांनी मुद्दाम संस्थेत जाऊन हे खड्डे पाहिले. हॉवर्डांना पुढं "सर" किताब मिळाला. वाडांचं नाव मात्र आपल्याच गावात पुसलं गेलं.

माझा मुद्दा यापुढचा आहे. गिरण्यांच्या शहराला खेटून शेत चालवायचं तर मजूर टिकवायचा कसा, हा प्रश्न हॉवर्डांपुढं पहिल्या दिवसापासून होता. "शेतमजूर कामचुकार" असं म्हणून त्यांनी तो मोकळा सोडला नाही. पगार ठरल्या दिवशी, राहायला बरं घर, कामाचे तास बेताचे आणि मधे विश्रांती, आजारपणात औषधपाणी, एवढ्या गोष्टी त्यांनी लावून धरल्या. समाधानी मजूर हे चांगल्या शेतीचं साधन आहे, असा त्यांचा हिशेब होता. आज हे साधं वाटतं. त्या काळी शेतावर कुणी असं बोलत नसे. खरं सांगायचं तर आजही फारसं कुणी बोलत नाही.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणतो, ते सांगतो. माझ्या भाच्यानं बारावीनंतर याच महाविद्यालयात जायचं म्हटलं, तेव्हा आडवा आलो तो मीच. "शेतकी शिकून काय नांगर धरणार? बँकेच्या परीक्षा दे," असं मी त्याला सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही. शिकला, आणि एका बियाणे कंपनीत लागला. दिवसभर मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचा, आणि पगार दोन-दोन महिने थकलेला. मी मनात म्हणालो, बघा, सांगितलं नव्हतं? आता वाटतं, माझं चुकलं होतं. खोट शेतीच्या कामात नव्हती, पगाराच्या तारखेत होती.

ती नोकरी सोडून त्यानं राऊकडे भाज्यांची रोपवाटिका काढली. मिरची, टोमॅटो, फुलकोबीची रोपं ट्रेमध्ये करून शेतकऱ्यांना देतो. परवा भेटायला गेलो तर म्हणाला, "मामा, रोपांची चिंता नाही हो. पोरं टिकत नाहीत. शिकवून तयार केलं की डिलिव्हरीच्या कामाला पळतात शहरात." मला एकदम १९२४ आठवलं. तेव्हा गिरणी होती, आता मोबाइलवरचं सामान पोचवणं आहे. शहर तेच, ओढ तीच. मी त्याला हॉवर्डांचं सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "एक तारखेला पगार तर मी देतोच, मामा. पण दुपारच्या सुट्टीचं तुमचं बरोबर आहे. शेडमध्ये फार तापतं." पुढच्या आठवड्यात त्यानं कामाची वेळ सकाळ-संध्याकाळ अशी विभागली. पोरं टिकतील की नाही, ते बघायचं.

या जमिनीवर १९५९ साली कृषी महाविद्यालय सुरू झालं. पुढं माळव्यात सोयाबीन आलं, पावसाळ्यात पडीक राहणारी रानं पेरली जाऊ लागली, आणि इंदूरच्या भोवती तेलाचे कारखाने उभे राहिले. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. २०२२ च्या फेब्रुवारीत देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत करणारा, दिवसाला ५५० टन कचरा घेणारा प्रकल्प सुरू झाला. जॅक्सन आणि वाडांची ही चाल, फक्त यंत्रं नवी. त्याच वर्षी महाविद्यालयाची जमीन शहराच्या कामासाठी घेण्याची गोष्ट निघाली आणि विद्यार्थी आंदोलनाला बसले. ते मागत होते ती शिकायची आणि पुढं पोटाला लागायची जागा.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. वारसा म्हणजे फक्त दगडी कमानी नव्हेत. पुढचा फेरफटका या शेतातून काढू या, आणि तिथं शिकणाऱ्या मुलांनाच माहिती सांगायला लावू या. वाडांचं नाव मात्र आपण सांगू.