मोडी लिप्यंतर आणि संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांची मांडणी : कोल्हापूरच्या संदर्भात

प्रस्तावना : कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानी कारभाराची मोडी कागदपत्रे कोल्हापूरच्या पुरालेखागारात जतन केलेली आहेत. करवीरच्या इतिहासाचे हे अस्सल साधन आज मोडी वाचू शकणाऱ्या मोजक्याच अभ्यासकांना खुले आहे. म्हणून त्याचे देवनागरी लिप्यंतर महत्त्वाचे ठरते. या कामी संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांची मांडणी कशी उपयोगी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लिप्यंतरातील अडचण : मोडीत प्रथम ओळभर शिरोरेषा आखून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जात. शब्द तोडण्याची पद्धत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळला जात नसे. अशा मजकुरावरून नजर ढळली की जागा पुन्हा सापडणे कठीण जाते. एखादी ओळ गळाली, तर नाव, रक्कम वा तारीख सुटून अर्थाचा अनर्थ होतो.

खिडक्यांची वाटचाल : १९८५ च्या पहिल्या विंडोज प्रणालीत खिडक्या फरशीप्रमाणे शेजारी शेजारी बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या एकमेकींवर ठेवता येऊ लागल्या. लहान पडद्यावर हे सोयीचे होते. परंतु झाकलेली खिडकी ऑल्ट व टॅब कळा दाबून पुनःपुन्हा पुढे आणावी लागे. २००९ च्या विंडोज ७ मध्ये विंडोज कळ व डावा अथवा उजवा बाण एकत्र दाबताच खिडकी अर्ध्या पडद्यावर बसू लागली. लिनक्सवर २००६ मध्ये आलेल्या डीडब्ल्यूएमसारख्या साधनांत ही मांडणी आपोआप होते. अशा रीतीने, मागे पडलेली मूळ कल्पना रुंद पडद्यांच्या काळात पुन्हा उपयोगात आली.

लिप्यंतरातील उपयोग : डाव्या अर्ध्या भागात मोडी पत्राची प्रतिमा व उजव्या भागात देवनागरी मजकूर ठेवल्यास मूळ ओळ सतत नजरेसमोर राहते. इनस्क्रिप्ट कळफलक अंगवळणी पडलेल्या अभ्यासकाचे हात कळांवरून व डोळे कागदावरून हलत नाहीत. ताडून पाहणे तेथल्या तेथे होते. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये मोडीचा समावेश झाल्याने मूळ लिपीतील पाठही संगणकावर नोंदविणे शक्य झाले आहे.

समारोप : कळांची कोणतीही युक्ती मोडी वाचून देत नाही, त्यासाठी लिपीचा सराव व तत्कालीन कारभाराची परिभाषा अवगत असावीच लागते. मात्र मूळ पत्र व लिप्यंतर शेजारी ठेवण्याची शिस्त चुका रोखण्यास साहाय्यभूत ठरते. मोडी प्रशिक्षणाबरोबर हे साधे कौशल्य शिकविले गेल्यास करवीरच्या दप्तरातील इतिहास अधिक विश्वसनीय स्वरूपात वाचकांपर्यंत पोहोचेल.