कालिदास, फुले आणि ‘भारत एक खोज’

नोव्हेंबर १९८८मध्ये दूरदर्शनवर श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही ५३ भागांची मालिका सुरू झाली. तिच्यात कालिदास आणि ‘शाकुंतल’ यांना दोन भाग दिलेले होते. राष्ट्राची ओळख सांगताना एक नाटककार असा सम्राटांच्या पंक्तीत बसला. ही निवड कशी घडली, हे तपासण्यासारखे आहे.

मालिकेला आधार होता तो पंडित नेहरूंच्या ग्रंथाचा. तो त्यांनी १९४४ साली अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात, बंदिवासात लिहिला. प्राचीन रंगभूमीविषयी लिहिताना ते विल्यम जोन्सच्या १७८९च्या ‘शाकुंतल’ भाषांतराचा आणि त्याने भारावलेल्या गटेचा आवर्जून उल्लेख करतात. इंग्रजांच्या कैदेतील लेखकाला युरोपने दिलेली ही दाद उपयोगाचीच होती. आमची संस्कृती तुम्हीच वाखाणली आहे, असे तिच्या आधारे म्हणता येत होते. म्हणजे कालिदास राष्ट्रीय प्रतीक झाला त्यात त्याच्या प्रतिभेइतकाच भाषांतर आणि मुद्रण यांचा वाटा आहे. मराठीत तर १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ गाते करून त्याला घराघरांत नेले होते.

याच मालिकेत महात्मा फुलेही आले. त्यांची भूमिका केली नगरच्याच सदाशिव अमरापूरकरांनी. फुल्यांचे नगरशी नाते जुने आहे. येथील मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली. परंतु फुले नाटककारही होते, याची आठवण आपल्याला सहसा राहत नाही. त्यांनी १८५५मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते स्वीकारले नाही. ते छापले गेले १९७९मध्ये. किल्ल्यातल्या नेहरूंना ते वाचायला मिळणे शक्यच नव्हते.

दोन्ही नाटकांत विदूषक आहे. कालिदासाचा माधव्य राजाचा ब्राह्मण मित्र. शिकारीला कंटाळलेला, खाण्यात रमणारा. फुल्यांचा विदूषक कुणबी जोडप्याला फसवणाऱ्या जोशाची लबाडी प्रेक्षकांपुढे उघडी करतो. एका जुन्या नाट्यसंकेताला फुल्यांनी दिलेले हे वळण मराठी नाटकाच्या इतिहासात फार महत्त्वाचे आहे.

कालिदासाचे स्थान कमी करण्याचा येथे हेतू नाही. मात्र पडद्यावर येणारा ‘राष्ट्रीय नाटककार’ हा उपलब्ध ग्रंथांतूनच निवडला जातो, आणि कोणते ग्रंथ उपलब्ध व्हावेत हे कधीकाळी एखाद्या समितीने ठरवलेले असते. आपण वर्गात ‘शाकुंतल’ शिकवतो तेव्हा माधव्याशेजारी ‘तृतीय रत्न’चा विदूषक उभा करून पाहावा. राष्ट्राच्या ओळखीत कोणाचे हसू जमेस धरले गेले आणि कोणाचे सव्वाशे वर्षे दप्तरात पडून राहिले, हा प्रश्न मग विद्यार्थी स्वतःच विचारतील.