रविवारी जेवण नाही



आज फार लांबच्या गावाला जायचंय. पण सुरुवात चुलीपासून करू, म्हणजे वाट चुकायची नाही.

मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी चोळून धुवायचे, सालं निघून जातात. मग ते ओले दाणे वाटायचे. त्या पिठाचा गोळा दोन्ही तळव्यांत थापायचा आणि तव्यावर टाकायचा. झाली तोर्तिया. आपल्या मक्याच्या भाकरीची लहान बहीणच म्हणा. खेड्यात हे रोज घरी होतं. शहरातल्या बायका कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम तोर्तिया आणतात, पण तिथेही थापायला बायकाच बसलेल्या असतात.

हा देश ग्वाटेमाला, मेक्सिकोच्या खाली. गावाचं नाव आंतिग्वा. तिथल्या स्वयंपाकघरात एक परदेशी मुलगी बसलेली आहे असं समजा. ती अमेरिकेतून किंवा युरोपातून स्पॅनिश भाषा शिकायला आली आहे. तिच्या ताटात काळ्या घेवड्याची उसळ आहे, अंडं आहे. तिला आणखी एक तोर्तिया हवी आहे, पण मागता येत नाही. घरची बाई टोपली तिच्यापुढे धरते, पण लगेच देत नाही. शब्द म्हणून दाखवते आणि वाट बघते. मुलगी अडखळत तो शब्द म्हणते, मग तोर्तिया मिळते.

बघा, ही शाळाच झाली. पण पन्नासहून जास्त वर्षं चाललेल्या या धंद्याच्या हिशोबात तिची नोंद ‘राहणं-जेवण’ अशीच होते. आज मला याच बाईबद्दल बोलायचं आहे.

आधी गावाचा इतिहास थोडक्यात सांगते. 1524 साली पेद्रो दे अल्वारादो हा स्पॅनिश सरदार सैन्य घेऊन आला आणि त्यानं तिथल्या माया लोकांची राज्यं जिंकली. 1541 मध्ये तो मेला, तेव्हा त्याची विधवा बेआत्रिस हिला गव्हर्नर केलं गेलं. बाई गव्हर्नर, तेही त्या काळात! पण दोनच दिवसांत ज्वालामुखीच्या डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला, राजधानी बुडाली आणि तीही त्यात गेली. मग जवळच दुसरी राजधानी वसवली, तीच आजची आंतिग्वा. 1773 च्या भूकंपात ती पडली. सरकारनं राजधानी हलवली, पण गरीब माणसं पडक्या भिंतींच्या आडोशानं तिथेच राहिली. म्हणून गाव टिकलं.

या गावात 1969 साली एक भाषासंस्था सुरू झाली, प्रोयेक्तो लिंगुइस्तिको फ्रान्सिस्को मारोकिन. परदेशी लोकांना ती स्पॅनिश शिकवायची, आणि माया लोकांना त्यांच्याच भाषांचं व्याकरण आणि शब्दकोश तयार करायला शिकवायची. पुढे अशा खाजगी शाळा गावभर झाल्या. पद्धत साधी. सकाळी चार तास, एका टेबलापाशी एक शिक्षक आणि एकच विद्यार्थी. दुपारपासून विद्यार्थी घरी. घर म्हणजे त्याच गावातलं एक कुटुंब, जिथे त्याला खोली आणि तीन वेळचं जेवण मिळतं. पैसे बहुतेक ठिकाणी शाळेमार्फत, आठवड्याच्या हिशोबानं येतात.

सकाळच्या तासाला क्रियापदं पाठ होतात, पण बोलायचं कसं ते घरात कळतं. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण आहे ना? तिथेही तसंच. जवळच्याला ‘वोस’, मान देऊन बोलायचं तर ‘उस्तेद’, आणि मधला एक ‘तू’. हो, आपल्यासारखाच ‘तू’! घरच्या आजीला कोणता शब्द लावायचा हे पुस्तकात वाचून समजत नाही. चुकीचा लावला की आजीच्या भुवया वर जातात, तेव्हा समजतं. जेवून उठताना ‘ग्रासियास’ म्हणजे आभार म्हणायचे, आणि बाकीचे त्यावर ‘बुएन प्रोवेचो’ म्हणतात, म्हणजे अन्न अंगी लागो. न बोलता उठलं तर उद्धट दिसतं. हे कोण सांगणार? घरचीच बाई.

आणि सणवार आले की शिकणं आणखी वाढतं. ईस्टरच्या आधी पवित्र आठवडा येतो. तेव्हा आंतिग्वाच्या दगडी रस्त्यांवर लाकडाच्या भुशाचे गालिचे घालतात. भुसा आधी घरी रंगवून ठेवतात. मग घरची आणि शेजारची माणसं रात्रभर रस्त्यावर बसून, छापे ठेवून, चाळणीनं भुसा गाळून नक्षी काढतात. पाईनच्या काड्या, फुलं, फळंही मांडतात. आपण पालखीच्या वाटेवर रांगोळी घालतो, तशातलंच. परदेशी पाहुणीच्या हातातही चाळणी येते. ‘इकडे’, ‘हळू’, ‘थोडंच’, ‘पाय सांभाळ’ हे शब्द ती त्या रात्री शिकते ते जन्मात विसरत नाही. सकाळी मिरवणूक त्यावरून चालत जाते आणि गालिचा संपतो. मागून झाडूवाले येतात.

पहिल्या नोव्हेंबरला पितरांचा सण असतो. लोक कबरी साफ करतात, फुलांनी सजवतात, तिथेच बसून खातात. सुम्पांगो आणि सान्तियागो साकातेपेकेस या गावांत पातळ रंगीत कागदाचे प्रचंड गोल पतंग उभे करतात. काही घरापेक्षाही उंच असतात. घरोघरी फिआंब्रे नावाचा थंड पदार्थ होतो. भाज्या, मांसाचे प्रकार, चीज, बीट असे कितीतरी जिन्नस, कुठे कुठे तर पन्नासच्या वर. चिराचिरी एक-दोन दिवस आधीच सुरू होते. बीट घातलं की लाल, नाही घातलं की पांढरा, आणि आमच्याच घरचा खरा असं प्रत्येकीचं म्हणणं. वाटी शेजारी जाते, शेजारची इकडे येते. अळूच्या भाजीत काय घालायचं यावरून आपण वाद घालतो तेव्हा मला हा फिआंब्रे आठवतो.

डिसेंबरात 16 तारखेपासून नऊ संध्याकाळी ‘पोसादा’ असतात. मरिया आणि योसेफ आसरा शोधत फिरले, त्याची आठवण. काही जण दाराबाहेर उभे राहून गाण्यात जागा मागतात, आतले गाण्यातच नाही म्हणतात, आणि शेवटी दार उघडतं. परक्या मुलखातून आलेल्या मुलीनं दाराबाहेर उभं राहून आसरा मागायचा! गंमत वाटते, आणि थोडं पोटात कालवतंही. 24 तारखेच्या मध्यरात्री फटाके वाजतात आणि पानात गुंडाळून वाफवलेले मक्याचे तामाल वाढतात. किती करावे लागतात ते करणारीलाच विचारा.

इथवर गोड गोड झालं. आता दुसरी बाजू सांगते, नाहीतर मी निम्मंच सांगितलं असं होईल.

ग्वाटेमालात माया लोकांच्या 20 हून जास्त भाषा आहेत. स्पॅनिश तिथे आली ती जिंकणाऱ्यांच्या तोंडून. शाळा, कोर्ट, कचेरी सगळं स्पॅनिशमध्ये. 1945 साली बायकांना मताचा हक्क मिळाला, पण लिहिता-वाचता येणाऱ्या बायकांनाच. आणि लिहिणं-वाचणं म्हणजे स्पॅनिशमध्ये. खेड्यातल्या माया बाईला तर शाळेचं तोंडही दिसलेलं नसायचं. निरक्षर बायकांना मत मिळायला 1965 चं संविधान यावं लागलं. वीस वर्षं, केवळ अक्षर येत नाही म्हणून.

रिगोबेर्ता मेंचू हे नाव काही जणींनी ऐकलं असेल. 1959 साली किचे माया कुटुंबात तिचा जन्म झाला. लहानपणी मळ्यांवर मजुरी केली, राजधानीत एका घरी मोलकरीण होती. स्पॅनिश ती शिकली. का? देशात 1960 पासून यादवी चालू होती, सैन्य माया गावं जाळत होतं. 31 जानेवारी 1980 ला राजधानीतल्या स्पॅनिश वकिलातीत आंदोलकांवर आग ओढवली, त्यात तिचे वडील गेले. आपल्या लोकांवर काय चाललंय हे जगाला सांगायचं तर ज्यांनी जिंकलं त्यांचीच भाषा हवी होती. 1992 साली तिला शांततेचं नोबेल मिळालं. लढाई 29 डिसेंबर 1996 च्या करारानं थांबली. दोन लाखांहून जास्त माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, बहुसंख्य माया, असं सत्यशोधन आयोगानं 1999 मध्ये सांगितलं.

एकाच देशात, त्याच वर्षांत, एक मुलगी पैसे भरून हौसेनं स्पॅनिश शिकत होती आणि दुसरी जीव मुठीत धरून. पाहुण्या मुलीला दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण तिला हे माहीत असावं असं मात्र वाटतं. आणि त्या पहिल्या संस्थेनं माया भाषांचं काम हाती घेतलं, ते मला म्हणूनच मोलाचं वाटतं.

आता परत त्या स्वयंपाकघरात. घरच्या बाईला मिळतात ते पैसे खोलीचे आणि जेवणाचे. शब्द सुधारल्याचे, सणाला सोबत नेल्याचे, रात्री ताप आला तर उशाशी बसल्याचे नाहीत. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांचंही असंच होतं. हजारो गिरणी कामगार त्यांच्या जिवावर जेवायचे, पण तो धंदा आहे असं कुणी धरत नव्हतं. सावकार तेवढा धरायचा. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे ते कागदावर आलं.

आंतिग्वाच्या घरांत एक गोष्ट मात्र कागदावर आहे, आणि मला ती फार आवडते. बहुतेक शाळांच्या नियमात लिहिलेलं असतं : जेवण आठवड्याचे सहा दिवस, रविवारी नाही. त्या दिवशी पाहुण्यानं आपलं आपण बघायचं. म्हणजे बाईला हक्काची सुट्टी!

हे मी आमच्या गटाच्या बैठकीत सांगितलं. सगळ्याजणी खूश झाल्या. मग मागे बसलेल्या एका आजीनं विचारलं, “रविवारी तिच्या नवऱ्याचं आणि पोरांचं कोण करतं गं?”

त्यांचं तीच करते, आजी.