औसा: खोलगट जागेतला भुईकोट, गल्लीतले वाडे आणि माळवदांचा प्रश्न

लातूरपासून साधारण २० किलोमीटरवर असलेलं औसा बहुतेकांना किल्ल्यामुळे माहीत आहे. पण या गावाचा वारसा फक्त तटबंदीच्या आत नाही. तो मशिदीत, मठात आणि जुन्या गल्ल्यांमधल्या दगडी वाड्यांतही आहे. यातला वाड्यांचा भाग सगळ्यात वेगाने नाहीसा होतोय, आणि त्यामागे १९९३ च्या भूकंपाचं मोठं कारण आहे.

किल्ला खोलगट जागेत का बांधला?

किल्ला म्हटलं की डोंगर आठवतो. औसा मात्र भुईकोट आहे, तोही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल जागेत. यात युक्ती होती. बुरुजावरच्या पहारेकऱ्याला चहूबाजूंच्या चढावरून येणारी फौज लांबूनच दिसायची, पण येणाऱ्या फौजेला किल्ल्याचा नीट अंदाज येत नसे. त्यामुळे तोफांचा नेम धरणं अवघड जाई. जवळजवळ चौकोनी आकार, दुहेरी तटबंदी आणि भोवती रुंद खंदक अशी त्याची रचना आहे.

आतलं सगळ्यात वेगळं बांधकाम म्हणजे जमिनीखालचा महाल. त्याचं छत म्हणजे चक्क पाण्याचा हौद. वर पाणी, खाली दालन. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात असं दालन थंड राहणार हे उघड आहे.

किल्ला कोणाकोणाच्या ताब्यात होता?

किल्ल्याच्या उभारणीचं श्रेय परंपरेने बहमनी वजीर महमूद गावान याला दिलं जातं. पुढे निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याच्याकडे तो आला. १६३६ मध्ये शाहजहानच्या फौजेने उदगीर आणि औसा हे दोन्ही किल्ले घेतले. त्यानंतर हैदराबादच्या निजामाची सत्ता आली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. औसा आधी उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते लातूरमध्ये आलं.

गावात आणखी काय आहे?

किल्ल्याबाहेर जुनी जामा मशीद आहे. गावात नाथ संस्थानही आहे. वीरनाथ महाराज आणि मल्लिनाथ महाराजांच्या या परंपरेचं चक्रीभजन औशाची ओळख आहे. पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांनाही ते परिचयाचं आहे. तालुक्यातल्या खरोसा गावच्या टेकडीत जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. ती साधारण सहाव्या शतकातली मानली जातात. जांभा ठिसूळ असल्याने तिथली शिल्पं वेरूळच्या शिल्पांइतकी रेखीव उरलेली नाहीत.

माळवद म्हणजे काय?

या भागातल्या जुन्या घरांच्या सपाट मातीच्या छताला माळवद किंवा धाबं म्हणतात. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा जाड थर. भिंती दगडमातीच्या, दोन-तीन फूट रुंद. उन्हाळ्यात आत गारवा, वर धान्य-मिरच्या वाळवायला आणि रात्री झोपायला जागा. दुष्काळी, कमी पावसाच्या प्रदेशाला शोभणारं हे घर होतं. पण दर पावसाळ्याआधी मातीचा नवा थर द्यावा लागे. वर्षानुवर्षं थरावर थर चढून छताचं वजन वाढत जाई.

१९९३ मध्ये काय झालं?

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी किल्लारी हे औसा तालुक्यातलंच. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसं गेली. बहुतेक लोक झोपेत होते आणि त्यांच्याच घरांच्या भिंती व माती अंगावर कोसळली.

यानंतर दगडी घराची भीती बसली, आणि ती समजण्यासारखी आहे. अनेक ठिकाणी दगडी भिंती आणि माळवद जाऊन पत्रा किंवा सिमेंटचा स्लॅब आला.

मग दोष दगडाचा होता का?

पूर्णपणे नाही. या भिंतींमध्ये आतली आणि बाहेरची अशा दोन थरांमध्ये दगड रचलेले असत आणि मधे माती-खडी भरलेली असे. दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड नसतील, तर हादऱ्यात थर एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुटते. वरून छताचं ओझं. जिथे छत भिंतीऐवजी लाकडी खांबांवर, म्हणजे खणांवर तोललेलं होतं, तिथे काही घरांच्या भिंती पडल्या, पण छत उभं राहिलं.

म्हणूनच भूकंपानंतर जुनी घरं मजबूत करण्याचे उपायही पुढे आले: भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालणं, कोपरे बांधून घेणं, दारा-खिडक्यांच्या वर सलग पट्टा देणं आणि छतावरची जादा माती काढणं. नवं घर बांधण्यापेक्षा हे काम स्वस्त पडू शकतं. पण त्यासाठी जाणकार अभियंता आणि गवंडी दोन्ही लागतात.

वाड्यांना कायद्याचं संरक्षण आहे का?

केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा फक्त जाहीर केलेल्या स्मारकांना लागू होतो. गल्लीतला खाजगी वाडा त्यात आपोआप येत नाही. तो ठेवायचा की पाडायचा, हे मालक ठरवतो. वाटण्या झालेल्या असतात, मुलं पुण्या-मुंबईला असतात, आणि दुरुस्तीचा खर्च एकट्याला झेपत नाही. त्यामुळे पाडणं सोपं वाटतं.

घर पाडायचंच ठरलं असेल, तर निदान आधी त्याची मापं घेता येतात. खांब, कोरीव चौकट, कोनाडे आणि माळवद यांचे तारखेसह फोटो काढता येतात. गावात हे काम करणारे गवंडी-सुतार असतील, तर त्यांच्याकडून रचना समजून घेता येते. किल्ल्याची नोंद सरकारी कागदांत सापडते. गल्लीतल्या वाड्याची नोंद मात्र घरच्यांनी ठेवली तरच राहते.